मेल उघडत नाही, तसं मेलवर कळवा

"मी काहीही दाबलेलं नाही!"

दीपमालाबाईंचं हे वाक्य त्या सकाळी ईट गावच्या खवा सोसायटीच्या ऑफिसातून निघालं ते थेट रस्त्यापलीकडच्या भट्टीत जाऊन पोचलं. दूध आटवणाऱ्या बायकांनी माना वर केल्या.

"आज कुणावर गं?" एकीनं विचारलं.

"चेअरमनवर," दुसरीनं नुसत्या आवाजावरून ओळखलं, आणि कढईतली उलथणी फिरतच राहिली.

खरं तर चेअरमन रणधीरभाऊंनी विचारलं होतं साधंच. "ताई, काय दाबलं?" एवढंच. पण ह्याच प्रश्नाची दीपमालाबाईंना सगळ्यात जास्त चीड. पंखा थांबला की हे लोक विचारतात, लाइट गेली का? बोअरची मोटार जळली की विचारतात, व्होल्टेज कमी होतं का? आणि संगणक अडला की विचारतात, बाईनं काय दाबलं? यंत्राला कधी स्वतःहून बिघडायची परवानगीच नाही. ते बिघडायचं तर बाईच्याच बोटानं.

"मग उघडंना कसं?" रणधीरभाऊ स्क्रीनवर वाकले.

"तेच बघतेय ना!"

स्क्रीनवरच्या लिफाफ्याच्या चित्रावर बाईंनी पुन्हा टिचकी मारली. एक पांढरी चौकट आली आणि लगेच गेली. दाराला फट करून कुणीतरी बाहेर बघावं, नको तो पाहुणा दिसावा आणि दार पुन्हा लावून घ्यावं, तसं. संगणक बंद करून चालू करून झाला. वायरी काढून, फुंकून, परत घालून झाल्या. एकदा तर बाईंनी, कुणी बघत नाही असं पाहून, त्याला हळू आवाजात समजावूनही सांगितलं होतं. लिफाफा काही उघडेना.

हा संगणक दीपमालाबाईंनी अक्षरशः उजेडात आणलेला. त्यांचं माहेर तेर. बी.ए. होऊन त्या ईटला सून म्हणून आल्या आणि पहिल्याच आठवड्यात सासरच्या भट्टीवर त्यांच्या हातात उलथणं आलं. धुरानं डोळे लाल आणि मन त्याहून लाल. तेव्हा सोसायटीला कुठल्याशा योजनेतून संगणक आलेला होता. आला, त्याला हळदकुंकू लागलं, हार पडला, वर प्लॅस्टिकचं झाकण बसलं आणि तो देवघरातल्या देवासारखा कोपऱ्यात विराजमान झाला. कुणी हात लावत नव्हतं, कारण बिघडला तर नाव कुणाचं घ्यायचं? एके दिवशी खव्याचं वजन द्यायला आलेल्या दीपमालाबाईंनी ते झाकण ओढून काढलं. "हे बसायला आणलंय की कामाला?" ऑफिसात त्यांचा प्रवेश झाला तो ह्याच वाक्यावर. नंतर रीतसर क्लार्क म्हणून नेमणूक झाली. दर दसऱ्याला स्क्रीनवर लागणारं कुंकू ओल्या फडक्यानं पुसणं, हेही तेव्हापासून त्यांचंच काम.

आता तोच दसरा तोंडावर आला होता. पुण्यातली एक मोठी मिठाईची कंपनी सणासाठी सोसायटीचा खवा घ्यायची. तिची रीत अशी, की सकाळी ऑर्डरचा मेल यायचा आणि दुपारच्या आत सोसायटीनं त्याच पत्त्यावरून 'मान्य' असं उत्तर धाडायचं. उत्तर पोचलं की बार्शीत थांबलेली, माल थंड ठेवणारी गार गाडी ईटकडं वळायची. नाही पोचलं तर ती दुसऱ्या गावचा खवा भरून सरळ पुण्याला निघून जायची. आणि इकडं बायकांनी तर पहाटेपासून कढया चढवलेल्या. पांढऱ्या फडक्यांत बांधलेले खव्याचे गोळे ऑफिसच्या पडवीत येऊन बसायलाही लागले होते. ऑक्टोबरचं ऊन पडवीच्या फरशीवर इंचाइंचानं पुढं सरकत होतं. खवा काही उन्हात टिकत नाही.

"उत्तरेश्वर!" बाईंनी हाक मारली. "इकडं या जरा."

उत्तरेश्वर सोसायटीचा जुना शिपाई. हाक ऐकूनच त्याच्या लक्षात आलं, की आपल्यावर येतंय.

"काल संध्याकाळी मी जाताना काय सांगितलं होतं? स्क्रीनवर 'अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका' असं लिहून आलंय. ते संपल्याशिवाय मेन स्वीच पाडायचा नाही. सांगितलं होतं की नाही?"

"व्हय, सांगितलंतं."

"मग?"

"म्या थांबलो की, ताई! स्टूल घिऊन बसलो म्होरं. त्ये गोल गोल फिरतंय, फिरतंय. म्हणलं, आता संपंल, मग संपंल. ह्ये काय संपायचं न्हाय, म्हणलं. आन् साहेबांचा नियम हाय."

नियम होताच. जुने चेअरमन आण्णासाहेब ह्यांनी, कधीकाळी कुठंतरी तारेची ठिणगी पडलेली पाहून, घालून दिलेला. ऑफिसला कुलूप लावायच्या आधी मेन स्वीच पाडायचाच. मागच्या निवडणुकीत रणधीरभाऊंनी आण्णासाहेबांना पाडलं. आण्णासाहेब जाताना खुर्चीवरची गादी घरी घेऊन गेले. रणधीरभाऊंनी नवी गादी आणली, भिंतीचा रंग बदलला, कपबश्या बदलल्या, पाटीवरचं अक्षरसुद्धा बदललं. पण तो खटक्याचा नियम तेवढा बदलला नाही. साऱ्या जगात ह्या दोन माणसांचं एकमत असलेली ती एकच गोष्ट. उत्तरेश्वर रोज संध्याकाळी आधी खंडोबाच्या तसबिरीला हात जोडायचा, मग खटका पाडायचा, मग खटक्यालाही हात जोडायचा.

"ऐकलंत?" बाई रणधीरभाऊंकडं वळल्या. "मधेच करंट तोडला. निम्मं काम झालेलं, निम्मं तसंच. म्हणून उघडत नाहीये."

"खटका पाडल्यानं कुठं काय बिघडतंय व्हय?" रणधीरभाऊंनी अगदी मनापासून विचारलं. "बंद केलेली वस्तू बिघडत नसती, ताई. चालू ठेवली तर बिघडती. तुमी काहीतरी दाबलं आसंल, आठवा."

दीपमालाबाईंनी मोठा श्वास घेतला. रागाच्या पहिल्या पायरीवर त्या 'रणधीरभाऊ' म्हणायच्या. दुसऱ्या पायरीवर 'चेअरमनसाहेब'.

"चेअरमनसाहेब," त्या म्हणाल्या, "बाजूला व्हा."

आणि त्यांनी भूमच्या कलीमला फोन लावला. संगणक विकला होता तोही त्यानंच, मेलचा पत्ता काढून दिला होता तोही त्यानंच.

"ताई, अपडेट मधीच तुटलंय तुमचं," कलीम सगळं ऐकून म्हणाला. "ते पुन्हा लावा आन् पुरं होऊ द्या. प्रोग्रॅम आपोआप उघडतो मग. पण तुमचं नेट म्हणजे... संध्याकाळ झाली समजा."

"संध्याकाळपर्यंत खव्याचं काय होतंय माहितीय ना?"

"मग असं करा, प्रोग्रॅमचा नाद सोडा. इंटरनेटवरनं सरळ मेल उघडा. पासवर्ड टाका."

"पासवर्ड कुणाला ठाऊक? तूच तो आत भरून ठेवलास, तेव्हापासून कधी लागलाच नाही."

"मलाबी आठवत न्हाय, ताई, कसम से. नवा घ्या. 'पासवर्ड विसरलो' म्हणा, मोबाइलवर ओटीपी येतो."

"कुणाच्या मोबाइलवर?"

पलीकडं कलीम जरा घुटमळला. "आण्णासाहेबांच्या. म्या तवाच म्हणलं व्हतं, ऑफिसचा नंबर द्या. तर म्हणले, अध्यक्ष कोण हाय? म्या. मग नंबर कुणाचा? गॅस त्यांच्या नंबरवर, बँक त्यांच्या नंबरवर, मेलबी त्यांच्याच. मानाचं काम हाय ते, आपल्याकडं."

फोन स्पीकरवर होता. रणधीरभाऊंचा चेहरा नव्या गादीसारखा फुगला.

"त्यांच्या दारात जायचं न्हाय," ते म्हणाले. "सोसायटीच्या अब्रूचा प्रश्न हाय."

"खवा नासल्यावर अब्रू कुठं ठेवणार? फ्रीजमध्ये?"

"पुण्याला फोन लावा की. तोंडी सांगा, मान्य हाय म्हणून."

हे मात्र बाईंना पटलं. त्यांनी कंपनीचा नंबर फिरवला. बरीच गाणी वाजून झाल्यावर एका मुलीचा गोड, धुतलेला आवाज आला. "नमस्कार, मी अर्पिता, मी आपली काय मदत करू शकते?"

"अर्पिता, बाळा, ईटहून बोलतेय, खवा सोसायटी. आजची ऑर्डर पाठवलीत का?"

"हो मॅडम, सकाळीच मेल केलीय. आपलं कन्फर्मेशन आलेलं नाहीये."

"तेच देतेय. मान्य आहे. खवा तयार आहे. गाडी वळवा."

"मॅडम, कन्फर्मेशन मेलवरच लागेल."

"आमचा मेल उघडत नाहीये."

"ओके मॅडम. मग तसं आम्हाला मेलवर कळवा."

उत्तरेश्वरलासुद्धा काहीतरी चुकतंय असं वाटलं.

"काय म्हणालीस?"

"मेल उघडत नाहीये, असं मेल करून कळवा, मॅडम. म्हणजे मी तक्रार नोंदवू शकते."

"अगं, दाराची किल्ली हरवलीय म्हणतेय मी. आणि तू म्हणतेस, आत जाऊन चिठ्ठी लिहून ठेवा?"

"मॅडम, प्रोसेस तशी आहे."

"दुसऱ्या पत्त्यावरून करते. माझ्या स्वतःच्या."

"रजिस्टर्ड पत्त्यावरूनच लागेल, मॅडम."

"तू माझा आवाज ऐकतेयस ना? मी जिवंत आहे ना? माझ्यासमोर खवा आहे, तुझ्यासमोर गाडी आहे, दोघी मराठीत बोलतोय. आता आणखी काय लागतं गं?"

"मेल, मॅडम," अर्पिता म्हणाली. तिचा गोड आवाज ह्या वेळी जरा बारीक झाला होता.

बाईंनी फोन ठेवला, चप्पल घातली आणि रणधीरभाऊंकडं न बघता त्या बाहेर पडल्या. पडवीत कडूबाई खव्याच्या गोळ्यांवर ओलं फडकं पसरत होत्या. भट्टीवरच्या सगळ्यांत जुन्या त्याच.

"कुठं निघालीस गं पोरी, एवढी तणतणत?"

"आण्णासाहेबांकडं, मावशी. खव्याची किल्ली त्यांच्या खिशात आहे."

आण्णासाहेब घरासमोरच्या लिंबाखाली बाजेवर बसले होते. पाठीशी तीच ती नेलेली गादी. सगळं ऐकता ऐकता त्यांच्या मिशा हळूहळू उचलत गेल्या.

"म्हंजे आमच्याशिवाय सोसायटीचं दार उघडत न्हाय म्हणा की."

"दार नाही, आण्णासाहेब, मेल. तुमच्याकडं नंबर येईल, तो मला फोनवर सांगा, झालं."

"फोनवर? छा! म्या येतो. म्या वाचतो. फकस्त मागायचं रणधीरनं."

"अहो, बायकांचा खवा आहे!"

"खवा बायकांचा, मान आमचा," म्हणत आण्णासाहेबांनी टोपी घातली.

ऑफिसात शिरल्या शिरल्या ते सरळ चेअरमनच्या खुर्चीत बसले. रणधीरभाऊ उभेच राहिले. उत्तरेश्वरनं सवयीनं आण्णासाहेबांपुढं चहा ठेवला, मग रणधीरभाऊंचे डोळे पाहून तो उचलला, मग आण्णासाहेबांचे डोळे पाहून पुन्हा ठेवला. दीपमालाबाईंनी 'पासवर्ड विसरलो' वर टिचकी मारली. आण्णासाहेबांचा मोबाइल टिणकला. त्यांनी तो छातीशी धरला.

"इचारू द्या."

"ताई," रणधीरभाऊ भिंतीकडं बघत म्हणाले, "त्यांना म्हणावं, नंबर सांगा."

"ताई, त्याला म्हणावं, नाव घिऊन इचार. नीट."

"नंबर सोसायटीचा हाय!"

"सिमकार्ड आमच्या नावावर हाय!"

"आव, मतं दिली लोकांनी मला..."

"मतं कशी पडली त्ये बोलू का हितं?"

स्क्रीनवर आलं, 'कोडची मुदत संपली आहे.' बाईंनी पुन्हा मागवला. पुन्हा टिणकलं. ह्या वेळी रणधीरभाऊ दात आवळून "आण्णा, सांगा" इथवर आले. आण्णासाहेब म्हणाले, "आण्णा न्हाय, आण्णासाहेब." रणधीरभाऊ म्हणाले, "साहेब आता कुठले?" आणि तीही मुदत संपली. स्क्रीनवर नवी ओळ उमटली. पुढचा प्रयत्न शेवटचा, त्यानंतर खातं उद्यापर्यंत बंद राहील.

कढया उतरवून भट्टीवरच्या बायका दारात येऊन उभ्या होत्या. ऊन पडवीत सरकत पहिल्या गोळ्याच्या फडक्याला लागलं होतं.

तेव्हा दीपमालाबाई उठल्या. भट्टीपर्यंत जातो तो आवाज त्यांनी वापरला नाही. हळू बोलल्या, आणि तेच सगळ्यांना जास्त लागलं.

"तुम्ही दोघांनी आयुष्यात कधी कढईजवळ उभं राहून पाहिलंय? उलथणं एक क्षण थांबलं की दूध तळाला लागतं. म्हणून ह्या पहाटेपासून थांबलेल्या नाहीत. लेकरू रडलं तरी नाही, पदराला ठिणगी लागली तरी नाही. आणि तुम्ही दोघं एका हाकेसाठी थांबलात. ह्यांना साहेब म्हणायचं की नाही, ह्याच्यासाठी ह्या सगळ्यांचा खवा उन्हात! सकाळपासून मला विचारतायत, काय दाबलं. मी सांगते काय दाबलं. ह्यांनी दाबून धरलाय तो मोबाइल, आणि तुम्ही दाबून धरलंय ते तोंड. मी काही दाबलेलं नाही!"

मग बायकांना बाजूला सारत कडूबाई आत आल्या. साऱ्या गावाचे आण्णासाहेब कडूबाईंचे धाकटे दीर. त्या लग्न होऊन ह्या घरात आल्या तेव्हा तो चड्डीची नाडी बांधून घ्यायला त्यांच्याकडंच यायचा. म्हणून साऱ्या गावात त्यांना एकेरीत हाक मारायचा हक्क एकट्या कडूबाईंचा.

"आण्ण्या," त्या म्हणाल्या, "आण हिकडं."

"वैनी, ह्ये हापिसातलं हाय, तुमाला..."

"आण म्हणते ना."

थोरल्या भावजयीनं मागितलेली वस्तू नाकारणं आण्णासाहेबांच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. कडूबाईंचा हात पुढं आला आणि आण्णासाहेबांची मूठ आपोआप सैल सुटली. कडूबाईंनी मोबाइल पदरानं पुसला.

"मागीव गं पोरी."

बाईंनी शेवटचं बटण दाबलं. मोबाइल टिणकला.

"मावशी, वाचता येईल?"

"काट्यावरलं वजन रोज कोण वाचतंय, तुझा चेअरमन? घे. चार. शून्य. सात. सात. दोन... ह्यो काय, नऊ. नऊच हाय."

दीपमालाबाईंनी एकेक आकडा टाकला, एकही चुकला नाही. नवा पासवर्ड घातला, तो काय घातला हे दोघांनाही दिसू नये म्हणून मधे खांदा धरला, आणि समोर सगळे मेल ओळीनं उभे राहिले. सगळ्यात वर कंपनीची ऑर्डर. बाईंनी लिहिलं, 'मान्य आहे. गाडी पाठवा.' आणि लगेच फोन लावला.

"आला मॅडम! आत्ताच आला," अर्पिता जवळजवळ ओरडलीच. मग आवाज खाली करून म्हणाली, "मी गाडीवाल्याला मुद्दाम चहाला थांबवलं होतं. कुणाला सांगू नका हं. प्रोसेसमध्ये बसत नाही."

"असं होय," बाई म्हणाल्या. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना कुणावर रागवावं ते सुचेना. "जेव गं वेळेवर."

बायकांनी गोळे उचलून आत सावलीला घेतले. इकडं स्क्रीनवर दुसराच प्रश्न आला होता. मोबाइल नंबर बदलायचा आहे का?

"माझा टाका," रणधीरभाऊ पुढं सरसावले. "अध्यक्षाचाच नंबर आसतोय."

"आसू द्या की हाय तोच," आण्णासाहेब खुर्चीतून म्हणाले. "कशाला बदलाबदली?"

ह्यावरही दोघांचं एकमत व्हायला आलं होतं, की बाईचा नंबर टाकायचा नाही. दीपमालाबाईंनी त्यांच्यासमोरच आपला स्वतःचा नंबर टाकला, एकेक आकडा मोठ्यानं म्हणत.

"आवं, पण सभेत ठराव..." रणधीरभाऊ म्हणाले.

"दार उघडणाऱ्याकडं किल्ली. त्याला कसला ठराव?"

बदलाच्या खात्रीचा कोड जुन्याच नंबरवर गेला, आणि कडूबाईंच्या पदराखालून टिणकलं. आण्णासाहेबांचा मोबाइल अजून त्यांच्याकडंच होता. "आणखी एक आकडा आलाय गं. वाचू का?"

"वाचा, मावशी."

गार गाडी आली आणि खवा घेऊन गेली. संध्याकाळी दीपमालाबाईंनी कलीमनं सांगितल्याप्रमाणं अपडेट पुन्हा लावलं. 'संगणक बंद करू नका.' पुन्हा ते गोल गोल. उत्तरेश्वरनं खंडोबाला हात जोडले, खटक्यापाशी गेला आणि तिथंच थबकला.

"ताई, नियम..."

"आजपासून तो नियम मोडला. चेअरमनसाहेबांना सांगा, काही बिघडलं तर बाईनं दाबलं म्हणून."

उत्तरेश्वरनं खटका पाडला नाही. हात मात्र जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफाफ्याच्या चित्रावर टिचकी मारल्याबरोबर तो उघडला, जसा काही कधी रुसलाच नव्हता. जुने मेल जागच्या जागी, नवे त्यांच्यावर. सगळ्यात वरचा कंपनीचा. दसऱ्याच्या शुभेच्छा असतील म्हणून बाईंनी तो उघडला.

'महोदय, काल आपली मेलसेवा बंद असल्याचे आपण नियमानुसार मेलद्वारे कळवले नाही, याची नोंद घेण्यात आली आहे. पुन्हा असे घडल्यास कारवाई करण्यात येईल.'

बाईंनी तो एकदा मनात वाचला. मग उत्तरेश्वरला मोठ्यानं वाचून दाखवला. मग चष्मा पुसला, खुर्ची पुढं ओढली आणि लिहायला घेतलं. लिहिताना बोलायची त्यांची सवय होतीच, आणि बोलताना आवाज चढायचाही.

"महोदय! मेल उघडत नव्हता, हे आम्ही मेलवर कळवले नाही. कारण! मेल! उघडत! नव्हता!"

रस्त्यापलीकडं भट्टीवर माना वर झाल्या.

"आज कुणावर गं?"

कडूबाईंनी कान देऊन ऐकलं. दूध तळाला लागू नये म्हणून उलथणं फिरवतच म्हणाल्या, "आज पुण्यावर."